सशाची चरबी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आष्टीकडच्या त्या दुष्काळात मी लोकांसाठी राबलो. राबलो खरा — पण कुणासाठी?

एका सहकारी संघाचं गोदाम बंद पडलं होतं. आत पिकांवर मारायच्या जुन्या पावडरीची पोती होती. तिच्यावर पुढं बंदी आली. पोती कुजली, पावडर ओढ्यात उतरली. ती मातीत वर्षानुवर्षं तशीच राहते, गवतातून जनावरात जाते, चरबीत साठते. कुठवर पसरली हे रानातल्या सशांवरून कळेल, असं आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचं म्हणणं. मी त्यांचा कंत्राटी मदतनीस. मेलेले ससे गोळा करा, म्हणाल्या. मेलेले ससे कुठं सापडतात?

मी दगडूमामांना गाठलं. मेंढरं राखणारं घर, पाण्यापायी ओढ्याच्या डोहाजवळ थांबलेलं. मामा फासे लावायचे. मी ससा चिरून काळीज आणि थोडी चरबी बाटलीत भरायचो. उरलेला ससा त्यांच्या चुलीवर जायचा. त्या दिवसांत त्यांना दुसरं कालवण नव्हतं.

पहिल्या तपासणीचा निकाल लागला तेव्हा मॅडमचा फोन आला. तिथं कुणी ससा खात असेल तर आजच थांबवा, म्हणाल्या.

"कुणी खात नाही, मॅडम," मी म्हणालो.

का? खाणं थांबलं असतं तर मामांनी फासे लावले नसते. फासे नाहीत तर ससे नाहीत, आणि माझं कामही नाही. एवढंच? — नाही, आणखी आहे. दर खेपेला चरबीतल्या पावडरीचा आकडा चढायचा, आणि तो चढलेला बघून मला बरं वाटायचं.

मामांची सून सखू. कडेवर तान्ही मुलगी, अंगावर पिणारी. ती म्हणायची, "दादा, जेवून जा, रस्सा लई चांगला झालाय." मी मटण सोडलंय म्हणायचो. सोडलं नव्हतं. मग ती ठेवणीतल्या मूठभर पिठाचं माझ्यापुरतं पिठलं टाकायची. मी ते खायचो, आणि समोर बसून ती हाडं चोखायची. घास माझ्या घशात अडकला, असं सांगू का? अडकला नाही. पिठलं चांगलं व्हायचं.

आता जे सांगायचंय ते. एक दिवस मी रिकामी बाटली तिच्यापुढं केली — तिचं दूध हवं म्हणून. मॅडमनी मागितलं नव्हतं. मलाच बघायचं होतं.

"दुधात काय बघत्यात, दादा?"

"ताकद," मी म्हणालो.

तिनं पाठ फिरवली आणि बाटलीत दूध काढून दिलं. वर, कमी पडलं का, असंही विचारलं. सशांच्या नमुन्यांबरोबर ती बाटली गुपचूप सरकवून मी ते तपासून घेतलं. पावडर त्यात होती. भरपूर होती.

पुढच्या खेपेला ती वाटच बघत होती. "ताकद हाय का माझ्या दुधात?"

"लई हाय. पाजत राहा."

पोरीचं दूध तोडायला सांगायची गरज नव्हती. ससा खाऊ नका — तीन शब्द. त्या दिवशीही मामांनी फासातून सोडवलेला ससा माझ्यापुढं ठेवला. मी तो चिरला, आणि उरलेला सखूच्या हातात दिला.

पाऊस झाला, ते मेंढरं घेऊन गेले. नमुने चांगले आणले म्हणून मला कायम केलं.

बऱ्याच वर्षांनी आष्टीच्या बसस्टँडवर सखूनंच मला ओळखलं. बरोबर मुलगी होती, शेलाटी, शाळेच्या कपड्यांत. "ही तीच, दादा. तुमीच म्हणला हुता, पाजत राहा." पोरगी माझ्या पाया पडायला वाकली. सांगायची वेळ होती ना? आजूबाजूला कुणी ओळखीचंही नव्हतं. मी तिच्या दंडाकडं बघत राहिलो, आणि मनात आलं — हिचं थोडं रक्त मिळालं असतं तर.

"मोठी हो," म्हणालो, आणि बसमध्ये चढलो.