सुरक्षापत्रकातलं नवं वाक्य

ऐका हो ऐका! समस्त युरोप खंडाला ताकीद देण्यात येते की, आमच्या मिशिगनच्या कारखान्यातला रंग कोणीही पिऊ नये, हुंगू नये किंवा डोळ्यांत घालू नये! असली दवंडी पिटण्याचाच मला पगार मिळतो. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक रसायनाचा धोका ठरवायचा आणि तिकडच्या नियमांप्रमाणे त्याचं सुरक्षापत्रक लिहायचं, हे माझं काम.

एकदा घरून काम करताना मी एका जुन्या द्रावकाचं पत्रक सुधारत होतो. युरोपने त्याला अधिक घातक वर्गात टाकलं होतं. सवयीप्रमाणे नाटकातल्या राजाच्या आवाजात मी नवं वाक्य वाचलं, "गर्भातल्या बाळाला अपाय होऊ शकतो!"

बायको चहा घेऊन आली होती. तिने द्रावकाचं नाव विचारलं. इथे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावी आल्यावर पहिली दोन वर्षं ती एका प्रयोगशाळेत रोज त्याच द्रावकाने काचसामान धुवायची. तेव्हाच, पाचव्या महिन्यात, आमचं बाळ गेलं. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. मंडळाच्या गणपतीत आपण हट्टाने लेझीम खेळलो म्हणून ते गेलं, असं ती वीस वर्षं मनाशी धरून बसली होती.

शक्यता म्हणजे कारण नव्हे, हे मी परक्यांना तासभर समजावतो. तिला मात्र ते न सांगता मी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

तिने ते वाक्य स्वतः दोनदा वाचलं आणि जवळजवळ ओरडलीच, "अरे, म्हणजे मी लेझीम खेळले म्हणून नाही गेलं ते!"