कोरीनचे चार हॅलोवीन

कोरीन ह्राबाक पहिल्यांदा हॅलोवीनला सोंग घेऊन, गोळ्या-चॉकलेटं मागत दारोदार फिरली तेव्हा तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती आणि उंची पावणेसहा फूट होती. एल्डर्स फेरी गावातली बाकीची पोरं ज्या वयात हा नाद सोडतात, त्या वयात हिनं तो धरला.

त्याआधी प्रश्नच नव्हता. ती ज्या पंथात जन्मली त्यात हॅलोवीन म्हणजे सैतानाचा दिवस. शाळेत सोंगं घेऊन मिरवणूक निघायची तेव्हा कोरीन ग्रंथालयात एकटी बसून नकाशे चाळायची. संध्याकाळी सहाला अग्निशमन दलाचा भोंगा व्हायचा. आता पोरांनी बाहेर पडावं, असा त्याचा अर्थ. तो वाजला की तिचा बाबा, रेमंड, दारावरचा दिवा मालवायचा, मग पुढच्या खोलीतला, मग स्वयंपाकघरातला. आठचा भोंगा होईपर्यंत आई, बाबा आणि ती मागच्या खोलीत एका छोट्या दिव्यापाशी बायबल वाचत बसायची. ज्या घरावर दिवा नाही तिथं कुणी येत नाही. बाहेर पावलं वाजायची, हसणं ऐकू यायचं, आणि टेबलाखाली कोरीनचे पाय हलत राहायचे.

"पाय," बाबा मान वर न करता म्हणायचा.

ती चौदा वर्षांची असताना आईचा, ग्लेंडाचा, पंथ सुटला. ग्लेंडा वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात कामाला होती. तिथली एक जुनी सोबतीण वारली, आणि दुसऱ्या चर्चमधल्या तिच्या अंत्यविधीला ग्लेंडा पंथाची मनाई असताना गेली. पंथाच्या वडीलधाऱ्यांनी बोलावून विचारलं, पश्चात्ताप होतोय का? ती म्हणाली, उद्या कुणी गेलं तर पुन्हा जाईन. झालं. त्या दिवसापासून पंथातल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरलं, आणि त्यात रेमंडही आला. मायलेकी एका केशकर्तनालयाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. कोरीनची दीक्षा झालेली नव्हती, त्यामुळे तिच्याशी बोलायला बाबाला मोकळीक होती. दर शनिवारी तो तिला गाडीतून न्याहारीला न्यायचा. पण पंथाच्या सभेला येण्याचा विषय काढल्याशिवाय त्याला राहवायचं नाही, आणि तो विषय निघाला की ती खिडकीबाहेर बघायची. हळूहळू शनिवार महिन्यातून एकावर आला.

पहिल्या वर्षी तिच्याबरोबर टेस होती, वर्गातली मैत्रीण. कोरीननं आईनं आणलेली जुनी चादर पांघरून डोळ्यांपुरती भोकं पाडली होती, हातात उशीचा अभ्रा. पहिल्या घरी बाईंनी अभ्र्यात दोन चॉकलेटं टाकली आणि कोरीन तिथंच उभी राहिली.

"आता काय करायचं?" तिनं हळूच विचारलं.

"थँक्यू म्हणायचं आणि सुटायचं," टेस म्हणाली. "तुला काय चहाला थांबायचंय?"

मग मात्र तिला आवरेना. टेसला धाप लागली तरी ही पुढच्या फाटकापाशी. दोन तासांत पन्नासेक घरं झाली. घरी येऊन तिनं अभ्रा टेबलावर उपडा केला. ग्लेंडानं शेंगदाण्याचं एक चॉकलेट उचललं, चघळलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी आपण अंधारात बसायचो?" दोघी खूप हसल्या. पण झोपायला गेल्यावर कोरीनला वाटत राहिलं, काहीतरी राहिलंय. एखादी गल्ली चुकली असावी.

दुसऱ्या वर्षी गावाच्या समितीनं पत्रक काढलं की बारा वर्षांवरच्या मुलांनी फिरू नये. पत्रकाला कोण विचारतो, पण लोकांना बोलायला निमित्त मिळालं. "दाढी करून आलायस का रे?" असं एका आजोबांनी चादरीकडे बघून विचारलं, तेव्हा कोरीननं चादर वर करून तोंड दाखवलं. ते ओशाळले आणि मूठभर गोळ्या जास्त दिल्या.

तिसऱ्या वर्षी टेसनं अंग काढून घेतलं. तिला कुणाच्या तरी तळघरात पार्टीचं बोलावणं होतं.

"तूही चल," टेस म्हणाली. "गोळ्याच हव्यात तर दुकानात पोत्यानं मिळतात."

"गोळ्या नकोत मला."

"मग काय हवंय?"

कोरीनला सांगता येईना. ती एकटीच गेली. एका दारात बाईंनी तिच्या मागे बघत विचारलं, "बाळ कुठंय तुझं? दमलं का?" दुसऱ्या दारात दिवा डोळ्यांदेखत विझला. दर वर्षी चेस्टनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून ती मागं वळायची, त्या वर्षीही वळली. त्या गल्लीत बाबाचं घर होतं.

चौथ्या वर्षी ती अठराची होती. शाळा संपली होती, जानेवारीपासून क्लीव्हलँडला क्ष-किरण तंत्रज्ञाचं शिक्षण सुरू होणार होतं. तोवर ती आईच्याच वृद्धाश्रमात ताटं वाढायची. त्या दिवशी पाळी बदलून घेताना सोबतिणीनं विचारलं, "काही खास?" ती म्हणाली, "दात दाखवायचाय." चादर आता जागोजागी विरली होती. सात वाजेपर्यंत ती नुसती चालत होती. निम्म्या घरांवर थांबलीही नाही. कोपरा आला आणि या वेळी ती मागं वळली नाही.

घर काळोखं होतं. मागच्या खोलीच्या पडद्याखाली उजेडाची चीर दिसत होती. तिनं कडी वाजवली आणि लगेच वाटलं, पळावं. दार उघडलं. रेमंड वाचायचा चष्मा कपाळावर चढवून उभा होता.

"आम्ही हे करत नाही, बाळा," तो म्हणाला. आवाज मवाळ होता, कुठल्याही पोराला बोलावं तसा.

"माहितेय, बाबा."

त्यानं कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. मग दार मागं ओढून घेत बाहेर आला. "चादर काढ," तो म्हणाला. "पाय अडकून पडशील."

तिनं काढली. आत ये असं त्याला त्या दिवशी म्हणता येईना, आणि जा असंही म्हणवेना. तो पायरीवर बसला, शेजारी ती बसली.

"जेवलीस?"

"हे काय, चालूच आहे." तिनं अभ्रा हलवला.

"क्लीव्हलँडचं आईनं कळवलं. म्हणजे चिठ्ठी टाकली होती पेटीत." त्यानं तळवे गुडघ्यांवर घासले. "थंडी फार असते तिकडे. मोठ्या तळ्याकाठी आहे ते."

"जॅकेट घेईन."

एवढ्यात पायऱ्यांवर माणसं दिसली म्हणून तीन लहान पोरं फाटकातून आत आली. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची होती, अंगात कागदी खोक्याची बस. "ट्रिक ऑर ट्रीट," तिनं रेमंडपुढं डबा धरला. रेमंड तिच्याकडे आणि मग आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की कोरीननं अभ्र्यात हात घातला आणि तिघांच्या डब्यांत चॉकलेटं टाकली. ती पोरं गेली, दुसरी आली. दिवा नसलेल्या घरी काहीतरी मिळतंय, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही.

मग दोन दांडगे मुलगे आले. सोंग काही नाही, नुसते फुटबॉलचे सदरे. रेमंडनं त्यांना न्याहाळलं.

"तुमचं वय काय?"

"पंधरा," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं मान खाली घातली.

कोरीनला वाटलं, आता प्रवचन होणार. रेमंड म्हणाला, "दे त्यांना. मोठ्या मुलांना भूक जास्त लागते." आणि तिच्या हातातलं पुरेसं वाटलं नाही म्हणून स्वतःच अभ्र्यात हात घालून आणखी चार काढून दिली.

ते गेल्यावर कोरीन म्हणाली, "बाबा, मी गेल्यावर फोन करशील?"

"करीन."

"सभेचं न बोलता?"

"प्रयत्न करीन," तो म्हणाला. आठचा भोंगा झाला. तो उठला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेला. आतून कडी लागल्याचं तिनं ऐकलं.

समोरच्या बाजूला पंथातलं एक कुटुंब राहायचं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात वडीलधाऱ्यांनी रेमंडला बोलावलं. त्या दिवशी आपल्या ओट्यावरून गोळ्या वाटल्या का, असं विचारलं. त्यानं सांगितलं, मुलगी आली होती, तिच्यापाशी बसलो होतो. त्याला समज मिळाली आणि दोन महिने सभेत बोलायची मनाई झाली. त्यानं पंथ सोडला नाही. ग्लेंडाशी तो आजही बोलत नाही.

क्लीव्हलँडला पहिल्याच वर्षी कोरीननं तीन खोल्या बदलल्या. एकीत खिडकी छोटी होती, दुसरीत शेजार गोंगाटी, तिसरी का सोडली हे तिलाही सांगता आलं नसतं. रेमंडचा फोन दर रविवारी यायचा. थंडीचं बोलणं व्हायचं, गाडीच्या टायरांचं व्हायचं. मग दोघं गप्प. त्या गप्पपणात त्याला सभेचं काहीतरी म्हणायचं असायचं, आणि कोरीन फोन कानाशी धरून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहायची. आधी फोन कुणीच ठेवायचं नाही.