राज्याचा रकाना

माझ्या मित्राच्या वडिलांइतका हट्टी माणूस आमच्या सिंगापूरच्या सेरंगूनमध्येच काय, उभ्या आशिया खंडात शोधून सापडायचा नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर माणसं बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात. हे सीमाभागातल्या आपल्या गावी गेले आणि अख्खं गाव महाराष्ट्रात न्यायला निघाले. त्यापायी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले, एकदा आमदारही झाले. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच सीमालढ्याच्या समितीतल्या दुसऱ्या गटाने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला आणि दोघेही पडले. मुंबईहून पुढाऱ्यांचं पाठिंब्याचं पत्र मात्र दरवर्षी न चुकता यायचं.

बायको गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं. पण फौज काही सुटली नाही. सकाळी इमारतीखाली व्यायाम करणाऱ्या चिनी आजीबाईंची रांग वाकडी दिसली की हे हातवारे करून ती सरळ करायचे, आणि त्या बिचाऱ्या होतही. लिटिल इंडियात भाजीला गेले की धारवाडकडच्या एका दुकानदाराशी तासभर कानडीत गप्पा. मी चिडवलं तर म्हणाले, "भांडण सरकाराशी हाय रे. माणसाशी कशाला?"

पत्ता लिहायची वेळ आली की मात्र सगळं अडायचं. गाव, तालुका, जिल्हा, आणि राज्याच्या रकान्यात ठळक 'महाराष्ट्र'. इथे राहायच्या पासच्या फॉर्मवरही तेच. पासपोर्टवर कर्नाटक, त्यामुळे पासचा अर्ज करणाऱ्या मुलाच्या ऑफिसातून फॉर्म दोनदा परत आला. मुदत संपायला चार दिवस उरले होते. पास गेला तर त्या रिकाम्या घरी एकट्यानेच परतायचं. मित्र ओरडला, "बाबा, तिकडे आता तुम्हाला ओळखतं तरी कोण?" मला त्याचा राग आला. तो खोटं बोलत नव्हता, याचा जास्त आला.

"हे लिहिलं तर मेल्यावर गावात तोंड कुठं दाखवू?" सुभेदार म्हणाले.

आठ वर्षांची नात त्यांच्या खांद्याला रेलली. तिला मराठी कळतं, बोलता येत नाही; बोलते ती इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत. "आजोबा, जस्ट राइट इट लाह. देन यू कॅन स्टे."

 त्यांनी चष्मा पुसला, पेन मागून घेतलं आणि इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढत 'कर्नाटक' लिहिलं. लाठ्या खाताना न हललेल्या माणसाने तो कागद लगेच पालथा घातला.

फॉर्म माझ्याकडे देताना हळूच म्हणाले, "गावाकडं कुणाला सांगू नकोस हं."

विचारणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही सांगणार, सुभेदार."