दिल्लीची वेस, बेसिंगस्टोक

माझ्या नवऱ्याला नाटक लिहायची खाज आहे. पाच दिवस कोडिंग करतो आणि वीकेंडला इतिहास घडवतो. मागच्या गणपतीत त्याने इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या, मराठी मंडळासाठी सत्तावन्नच्या उठावावर एकांकिका लिहिली. झाशी झाली, कानपूर झालं, दिल्ली इंग्रजांनी परत घेतली आणि शेवटी सगळे दिल्लीकर पणत्या घेऊन आपापल्या घरी परतले. पडदा. तालमी आमच्या लिव्हिंग रूममध्ये. मी प्रॉम्प्टर, म्हणजे चहा करणारी.

शेजारच्या आपा तालमीला येऊन बसायच्या. आपा मूळच्या जुन्या दिल्लीच्या, इथल्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मी ऑफिसातून येईपर्यंत माझी मुलं त्यांच्याकडेच असायची, त्यांच्या हातचं जेवून मोठी झाली. मराठी त्यांना सगळं कळतं, बोलता तेवढं येत नाही. त्या दिवशी पणत्यांचा सीन संपला आणि आपा चहा तसाच ठेवून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. आधी म्हणाल्या, काही नाही, डोकं दुखत होतं. मग बोलल्या. इंग्रजांनी दिल्ली घेतल्यावर सगळं शहर रिकामं करवलं आणि उठावाचं खापर फोडलं ते मुसलमानांवर. हिंदूंना आधी परत येऊ दिलं. मुसलमान मात्र वेशीबाहेरच, पडक्या मकबऱ्यांमध्ये, ऐन थंडीत. आपांच्या पणजीची आई तान्हं बाळ घेऊन वेशीवर यायची आणि आपलेच शेजारी आत जाताना बघत उभी राहायची. ते बाळ त्या थंडीत गेलं.

"तुम्हारे नाटक में हम कहाँ हैं?" आपांनी विचारलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो वाद न घालता लॅपटॉप उघडून बसला, हे त्याच्या बाबतीत नवलच. मग त्याने शेवट बदलला. वेस, पहाऱ्यावर गोरा शिपाई, हिंदू बायका एकेक करून आत जातात आणि एकटी एक बाई बाहेर राहते. तिला एकही वाक्य नाही. ते काम आपांनीच करावं, असं मीच सुचवलं. त्या लगेच हो म्हणाल्या आणि मग मलाच धडकी भरली.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे काकू म्हणतात. आत जाणाऱ्या बायकांमध्ये त्याही होत्या. मीटिंगमध्ये त्यांनी तोंडावर सांगितलं, सणासुदीला हे रडगाणं कशाला, लोकांना उगाच विषय मिळेल. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, मग आपांना तुम्हीच जाऊन सांगा तसं. ते सांगायला कुणीच तयार होईना. काकू पुटपुटत राहिल्या, पण सीन राहिला. माझी झोप मात्र उडाली. भरल्या हॉलमध्ये कुणी फिसकन हसलं, कुणी काही वाकडं बोललं, तर आपा पुन्हा आमच्या दारात पाऊल ठेवायच्या नाहीत, आणि तशा त्या चूकही नसत्या.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचा हॉल खच्चून भरला. तिसरी घंटा झाली. झाशी, कानपूर ठरल्याप्रमाणे पार पडलं. मग वेस. नवरा चॅरिटी शॉपमधून आणलेला जुना लाल कोट घालून पहाऱ्यावर उभा. काकू सोडून बाकीच्या बायका एकेक करून आत आल्या, विंगेत माझ्याजवळ. आपा पुढे झाल्या तशी त्याने बंदूक आडवी धरली.

"हिंदू आत. बाकीचे बाहेर."

आपा थांबल्या. आता फक्त काकूंनी आत यायचं आणि मी पडदा ओढायचा. काकू वेशीपर्यंत आल्या आणि थबकल्या. मी विंगेतून कुजबुजले, काकू, आत या. जरा मोठ्याने म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं, पाठ फिरवली आणि सरळ मागे गेल्या. आपांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आपली अर्धी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. माझा नवरा बंदूक धरून नुसता बघत राहिला.

एकदम सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मी पडदा ओढला. हुश्श! कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला असेन मी. हसूही येत होतं, डोळेही वाहत होते.

विंगेत नवरा मात्र धुमसत आला. म्हणाला, काकू, अहो, असं घडलं नव्हतं, लोक खरंच आत गेले होते.

आपांनी काकूंचा हात अजून सोडला नव्हता. काकूंनी दुसऱ्या हाताने नथ सैल केली.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर आत जायला पाय उचलेना."