फ्यूजच्या जागी तार

धाकट्या दिराला घरात सगळे शास्त्रज्ञ म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. मिक्सर, पंखा, सासऱ्यांचं कानाचं यंत्र, त्याने जे जे सुधारलं ते ते भंगारात गेलं. आता पाळी चार वर्षांच्या पुतणीच्या, बसून चालवायच्या खेळण्यातल्या गाडीची होती. तिची बारा व्होल्टची बॅटरी काढून त्याने ड्रिल मशीनची वीस व्होल्टची लिथियम बॅटरी बसवली.

पोरीची आई बारा वर्षं मोटार वाइंडिंगच्या कारखान्यात होती. तिला विचारायची गरज त्याला वाटली नव्हती. तिने बॉनेट उघडलं, तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार.

"भाऊजी, हे काय?"

"फ्यूज सारखा उडत होता, वहिनी. कटकट नुसती. काढून टाकला."

"गाडीत तेवढ्यालाच अक्कल होती, तोही काढलात."

पोर केव्हाची सीटवर बसून हॉर्न वाजवत होती. आईने तिला उचललं आणि तिच्याच वजनाची वाळूची गोणी तिथे ठेवली. "आधी हिला फिरवा."

शास्त्रज्ञाने हसत गाडीचा रिमोट दाबला. गाडी उसळून भिंतीवर आदळली, चाकं अडली, तार लालभडक झाली आणि सीटखालून काळा धूर निघाला. आईने गोणी फाडून वाळू आत ओतली.

"वाळूला तोल सावरता येत नाही ना," शास्त्रज्ञ म्हणाला. "पोरगी असती तर काही झालं नसतं."

वहिनीने त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला. घरच्यांना शोधाची कदर नाही, असं तो अजून सांगत फिरतो.