मारोतीच्या सायकलचं चेनकव्हर

खडप्... खडप्... खडप्...

मारोतीच्या सायकलचं चेनकव्हर असं वाजायचं. तालमीला न्यायला तो आला, की आमगावच्या आमच्या गल्लीच्या वळणावरूनच मला ते ऐकू यायचं आणि मी चपला घालायला लागायचो.

आम्ही दोघं आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचो. मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून तिथे रडायचंसुद्धा ओरडून! मग एका वर्षी नायक कोण होणार यावरून दोघांची जुंपली. मारोती दवनीवाड्याला राहायला गेला, तो गेलाच... बोलणं तुटलं ते तुटलंच. मनातून मात्र गेला नाही.

या दिवाळीत नात मृणाल पुण्याहून आली. सिनेमा शिकते ती. छोटी फिल्म करायची होती, एक म्हातारा कोणाची तरी वाट पाहतो, एवढीच गोष्ट. म्हातारा घरातच फुकट मिळाला...

पहिल्याच टेकला मी छातीवर हात ठेवून असा हुंदका दिला, की शेजारीण डोकावली. "आबाजी, कॅमेरा दोन हातांवर आहे. शेवटची रांग नाहीये इथं!" मृणाल हसून म्हणाली. "काहीच करू नका. नुसतं दाराकडे बघत बसा."

बसलो. खरं सांगू? स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता आणि पानं कधी वाढतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोन दिवसांनी तिनं लॅपटॉपवर फिल्म दाखवली. आधी माझा चेहरा. मग अंगणातली रिकामी खुर्ची. पुन्हा माझा चेहरा, बराच वेळ... पंख्याचा, रस्त्याचा, सगळा आवाज तिनं काढून टाकला होता.

आणि त्या शांततेत, लांबून... खडप्... खडप्...

ही आठवण मीच तिला कधीतरी सांगितलेली. तो आवाज दारापर्यंत आला, क्षणभर रेंगाळला आणि पुढे निघून गेला. मग पुन्हा माझा चेहरा. तोच, वांग्याच्या भाजीवाला! पण आता बघवत नव्हता. सूनबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि माझाही चष्मा धूसर झाला.

"अगं, मी तर काहीच केलं नाही!"

"म्हणूनच जमलं, आबाजी. रडायचं काम बघणाऱ्यांचं."

मला शाळेतले गुरुजी आठवले. कविता म्हणताना दोन ओळींच्या मध्ये ते नुसते थांबायचे... शब्द साधेच असायचे, पण त्या थांबण्यातच कविता आम्हा पोरांना भिडायची. नातीनं कॅमेऱ्यानं तेच केलं होतं.

फिल्म नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली, तिथून कुठे कुठे फिरली. दवनीवाड्यापर्यंत पोचली तर...? असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, सोड. एवढ्या वर्षांत नाही आला, तो आता कशाला येतो!

काल सकाळी दार वाजलं. कुरियरवाला असेल म्हणून उघडलं...

मारोती! हातात काठी, तोंडात मोजके दात, मागे मोटरसायकलवर त्याचा मुलगा. डोळे मात्र भरलेले.

"काऊन बे," दारातूनच म्हणाला, "इतकी वाट पाहून राहिला होता, त एक फोन नाही करता आला तुले?"

मी हात धरून त्याला आत घेतलं.

वांग्याच्या भाजीचं त्याला अजून सांगितलेलं नाही... तुम्हीही सांगू नका.