लिनक्समधला आईचा उकार

एप्रिलमधला रविवार. भाट्याच्या समुद्राकडून दुपारचा वारा सुटला होता आणि माझ्या भावाचा जुना लॅपटॉप त्या दिवशी मुंबईहून रत्नागिरीला आमच्या घरी पोचला. आंब्याच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यात नीट बसवून पाठवलेला...

ही २००६-०७ च्या सुमाराची गोष्ट. आईने पालीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं होतं, आणि आता डोळ्यांचे पडदे झिजल्यामुळे तिला पेपरातलं अक्षर दिसत नव्हतं. भिंगाचाही उपयोग होईना. मी वाचून दाखवते म्हटलं की म्हणायची, "नको गो. ऐकणं वेगळं, वाचणं वेगळं."

मी तेव्हा एका वकिलांकडे टायपिंग करायचे. कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, एवढंच डोक्यात होतं. पण तो लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. आणि मराठीच्या जागी दिसायचे नुसते चौकोन...

माझ्या वर्गातल्या सुहासचं मारुती मंदिरजवळ कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. तो म्हणाला, "याच्यावरची सिस्टीम काढून लिनक्स टाकू या. हलकं असतं, या म्हाताऱ्याला झेपेल." संध्याकाळी तो स्वतःच सीडी घेऊन घरी आला.

सीडी फुकट आहे हे कळल्यावर आईने विचारलं, "चोरीची नाही ना रे?"

"नाही काकू. ज्यांनी बनवलं त्यांनीच वाटायला दिलंय. त्यातले मराठी मेनूसुद्धा असेच कोणी कोणी आपल्या सवडीने केलेत."

"कोण ते?"

"मलाही माहीत नाही."

आईने सीडी हातात घेऊन उलटसुलट केली. कोणीतरी माहीत नसलेल्या माणसांनी माहीत नसलेल्या माणसांसाठी काही करून ठेवायचं... तिला ते आवडलं असावं.

सुहास गेल्यावर मी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं ठेवली आणि सुचलं ते टाइप केलं. मग अक्षर वाढवत नेलं. एका ओळीत पाच शब्द, तीन शब्द... दोनच शब्द उरले तेव्हा आई म्हणाली, "थांब."

मान थोडी तिरकी करून ती वाचायला लागली. "आज भाट्याला..." मी ओळ पुढे सरकवली. "ओहोटी होती..." पुढे. "पाणी लांब..." पुढे. "गेलं होतं."

मग म्हणाली, "आणखी लिही."

त्यानंतर मी रोज कामावरून आले की दिवसभरात पाहिलेलं काहीबाही टाइप करून ठेवायचे. मच्छी मार्केटातलं भांडण, कोर्टाच्या आवारात झोपलेलं कुत्रं, बंदराकडचं ढगाळ आभाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी आई ते वाचायची. दोन-दोन शब्द, सावकाश, खाडीतून एकेक होडी बाहेर पडावी तसे.

लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली. लोडशेडिंग सुरू झालं की वाक्य अर्ध्यावर विझायचं. आई खिडकीशी बसून ते मनातल्या मनात पुरं करायची. लाइट आले की म्हणायची, "माझा शेवट तुझ्यापेक्षा बरा होता."

असंच एकदा मी कामावरून आले तर म्हणाली, "हे कोणी लिहिलंय?"

मी वाकून पाहिलं. वरच्या मेनूत, झालेला बदल मागे घेण्याची आज्ञा होती. 'पुर्ववत करा.' अक्षर एवढं मोठं केलेलं की चूकही तेवढीच मोठी दिसत होती.

"पूर्वमधल्या प-ला दुसरा उकार. यांनी पहिला दिलाय."

"असू दे ना आई. आपल्याला अर्थ कळला."

"आपल्याला कळला. पण मुलं हेच बघून लिहिणार." मग जरा थांबून म्हणाली, "सुहास म्हणाला ना, लोकांनी सवडीने केलंय म्हणून. मग मलाही सवड आहे."

मी सायबर कॅफेत जाऊन, मराठीचं काम करणाऱ्या त्या लोकांचा पत्ता शोधून मेल पाठवली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण आलं, आणि चक्क मराठीत, कोणाच्या नावाने नाही, सगळ्या गटाच्या वतीने. चूक पुढच्या आवृत्तीत सुधारतो, बाईंना आणखी काही दिसलं तर जरूर कळवा.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा आईने नकळत पदर सारखा केला.

तो सबंध पावसाळा ती मेनू तपासत होती. बाहेर धो धो पाऊस, आणि आई शाळेत निघाल्यासारखी केस नीट बांधून लॅपटॉपसमोर. संध्याकाळी मला चुका सांगायची, मी कळवायचे. काही त्यांनी घेतल्या, काहींवर वाद घातला. वाद झाला की ती जास्तच खुशीत असायची.

नवी आवृत्ती आली ती पुढच्या वर्षी. सुहासने सीडी आणली, लॅपटॉपवर चढवून दिली. मी अक्षर वाढवलं, वाढवलं... स्क्रीनवर एकच शब्द मावेपर्यंत. पण तोवर आईला उजेडापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं.

"वाच," ती म्हणाली.

"पूर्ववत करा."

"बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ कुठे कळतंय?" तिने हात पुढे केला. "काढून दाखव."

मी तिच्या तळव्यावर बोटाने प काढला. मग खाली, सावकाश, दुसरा उकार.

तिने मूठ मिटून घेतली. म्हणाली, "बरोबर."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठेतरी कोणी मराठीतून लिनक्स उघडत असेल, चुकलेलं मागे घेत असेल... त्याला तो उकार कोणाचा ते माहीत नसेल. आईलाही ती मराठी करणाऱ्यांची नावं कधी कळली नाहीत. त्या सगळ्या अनोळखी माणसांची मी ऋणी आहे. त्यांनी माझ्या आईला आणखी एक शाळा दिली.